आधी विचारा, हे कोणाचं आहे? मीडियाच्या मुलांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की यावेळचं सदर पत्रकारिता, जाहिरात, फिल्म शिकणाऱ्या आपल्या इंदूरच्या मुलामुलींसाठी, तेव्हा कॉपीराइट, ट्रेडमार्क, जाहिरातींचे नियम याबद्दल जे अडलंय ते बिनधास्त विचारा. प्रश्न भरपूर आलेत आणि जवळजवळ सगळ्यांचा शेवट एकाच वाक्याने होतो, "ताई, चालेल ना?" मला मनापासून वाटतं की त्याच्या आधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या, की हे कोणाचं आहे? गाणं, फोटो, नाव, चेहरा, आवाज, काहीही असो, मालक कोण ते कळलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. मुलांची नावं छापत नाहीये, त्यांनीच नको म्हटलंय. आणि ही सर्वसाधारण माहिती आहे, कोणाचं प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं असेल तर कागद घेऊन सरळ वकिलाकडे जा.

प्रश्न : ताई, आमच्या सेमिस्टरची शॉर्ट फिल्म आहे. छप्पन दुकानच्या सीनमागे एका जुन्या हिंदी गाण्याचा तुकडा लावलाय, जेमतेम ८ सेकंदांचा. सीनियर म्हणतात १० सेकंदांपर्यंत चालतं, कोणी ३० म्हणतं. खाली क्रेडिट पण देणार आहोत. चालेल ना? (मास कॉम, दुसरं वर्ष, सुदामा नगर)

हे १० सेकंद आणि ३० सेकंद कुठून आले देव जाणे, पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा सेकंदांचा हिशोब कुठेही नाही. दरवर्षी नवी बॅच येते आणि सीनियरकडून हेच ऐकते, म्हणून एकदा नीट सांगते. कोर्ट बघतं की जे घेतलं ते त्या गाण्यातलं किती महत्त्वाचं होतं, कशासाठी घेतलं आणि त्याने मालकाचं नुकसान होतं का. मुखड्याची ओळ ८ सेकंदांचीच असते पण गाणं ओळखलं जातं ते त्याच ओळीवरून ना?

आता मालक कोण. एका गाण्यात निदान ३ मालक्या असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि जे रेकॉर्डिंग तुम्ही डाउनलोड केलंत ते निर्मात्याचं किंवा म्युझिक कंपनीचं. गायकाचे कलाकार म्हणून हक्क वेगळेच. त्यामुळे "आम्ही गायकाला इंस्टावर मेसेज करून विचारलं, त्यांनी हार्ट पाठवलं" याला परवानगी म्हणत नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क आणखी पक्का झाला, सिनेमा थिएटरमध्ये दाखवणं सोडून इतर वापरातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेऊन काढून टाकता येत नाही, आणि व्हायलाच हवं होतं ते, कारण आयुष्यभर गाणी लिहून म्हातारपणी हात पसरायची वेळ आलेली माणसं आपल्या इंडस्ट्रीने पाहिलीयेत.

तुमच्या बाजूने काय आहे ते पण सांगते. शिकताना-शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल कलम ५२ मध्ये माफ आहे, कॉलेजात फक्त स्टाफ, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी जोडलेली माणसं यांच्यासमोर दाखवलंत तर त्यालाही सवलत आहे. म्हणजे वर्गात, परीक्षकांसमोर फिल्म दाखवायला घाबरू नका. पण तीच फिल्म यूट्यूबवर टाकली, फेस्टिव्हलला पाठवली की ही सवलत संपली. परीक्षण करताना एखादी क्लिप दाखवून त्यावर बोलणं, ताज्या बातमीत वापरणं, हेही त्याच कलमात बसतं, मात्र तुमच्या सीनला नुसता मूड यावा म्हणून लावलेलं गाणं परीक्षणात बसत नाही.

क्रेडिटचं म्हणाल तर नाव देणं चांगलंच, पण नाव देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही" असं खाली लिहिलं की काहीच फरक पडत नाही. यूट्यूबवर दोन गोष्टी होऊ शकतात, एक म्हणजे कंटेंट आयडीचा (गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम, त्यात व्हिडिओ बहुतेक वेळा राहतो पण कमाई मालकाकडे जाते किंवा आवाज बंद होतो. दुसरा स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून चॅनलवर लागलेला ठपका, तो गंभीर, ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले तर चॅनलच जाऊ शकतं.

उपाय तर तुमच्याच वर्गात बसलाय, कोणीतरी हार्मोनियम किंवा गिटार वाजवत असेलच. राग कोणाच्या मालकीचा नाही, त्याला नवीन धून बनवायला सांगा आणि त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या की ही धून या फिल्मसाठी वापरायला माझी परवानगी आहे. मात्र कुठल्या उस्तादांची रेकॉर्डिंग उचलू नका, राग मोकळा असला तरी ती रेकॉर्डिंग मोकळी नसते.

प्रश्न : भा. रा. तांब्यांच्या कवितेवर रील करायचंय, वाचन आणि मागे व्हिज्युअल्स. परवानगी कोणाची घ्यायची? (लोकमान्य नगर)

शब्दांसाठी कोणाचीच नाही, आणि का नाही ते कळलं तर सगळ्याच जुन्या कवींचा हिशोब तुम्हाला घरबसल्या करता येईल. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो. तांबे, आपले ग्वाल्हेरचे राजकवी, डिसेंबर १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९४२ पासून मोजा, ३१ डिसेंबर २००१ ला हक्क संपला. खरं तर आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूरही १९४१ मध्येच गेले होते, १९९१ संपताना त्यांचं सगळं साहित्य मोकळं होणार म्हणून त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाच्या बाजूने मागणी झाली आणि सरकारने सगळ्यांसाठीच मुदत १० वर्षं वाढवली, त्यात आपले तांबेही आले.

पण त्याच कवितांना नंतर लागलेल्या चाली आणि त्यांच्या रेकॉर्ड वेगळ्या, त्यांचे मालक वेगळे. स्वतःच्या आवाजात वाच, मागे ती प्रसिद्ध चाल गुणगुणू नकोस. आणि कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेलेत, त्यांच्या कविता २०५९ संपेपर्यंत मोकळ्या नाहीत, तेव्हा तांब्यांचं चाललं म्हणून त्यांचं पण चालेल असं धरू नका.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरचे (रंगांच्या मिरवणुकीचे) फोटो मी स्वतः काढले, राजवाड्याजवळच्या एका गच्चीवरून, आणि इंस्टावर टाकले. एका न्यूज पोर्टलने न विचारता उचलले, माझं नाव कापून स्वतःचा लोगो लावला. विचारलं तर म्हणे, पब्लिकमध्ये टाकलंस ना, मग आता सगळ्यांचं. खरंय का? (पत्रकारिता, शेवटचं वर्ष)

साफ खोटं आहे. इंस्टावर टाकल्याने तू फक्त त्या प्लॅटफॉर्मला दाखवायची परवानगी दिलीस, मालकी तुझीच, आणि त्यासाठी कुठे रजिस्ट्रेशन केलेलं असणंही जरुरी नाही, बटण दाबलं त्या क्षणी हक्क तयार झाला. पोर्टल कदाचित म्हणेल की आम्ही चालू घडामोडीची बातमी देत होतो. बातमीची सवलत आहे, नाही असं नाही, पण पूर्ण फोटो उचलायचा, काढणाऱ्याचं नाव पुसायचं आणि आपला शिक्का मारायचा याला प्रामाणिक वापर म्हणणं फार कठीण आहे. काढणाऱ्याचं नाव लागावं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खालचा तुझा वेगळा हक्क आहे आणि नाव-क्रेडिटची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम ६५ बी प्रमाणे गुन्हा होऊ शकतो.

आता काय करायचं. आधी भांडू नकोस, आधी पुरावा. त्या पानाचा स्क्रीनशॉट घे ज्यात लिंक आणि तारीख दिसेल, कारण भांडण सुरू झालं की सगळ्यात आधी पोस्ट उडते. कॅमेऱ्यातली मूळ फाइल, त्याच्या मागचे-पुढचे फ्रेम, सगळं जपून ठेव, एडिट केलेली जेपेग कोणाकडेही असते पण तीच गच्ची आणि तोच गुलाल असलेले आधीचे-नंतरचे फ्रेम फक्त तुझ्याकडे आहेत. मग संपादकाला आणि त्यांच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला (तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला) मेल कर, व्हॉट्सअ‍ॅप नको, मेलच, त्यात फोटो कधी काढला, कुठे टाकला, तुला काय हवंय (नाव की पैसे की काढून टाकणं) ते स्पष्ट लिही. त्यांनी सोशल मीडियावर पण टाकला असेल तर तिथला कॉपीराइटचा फॉर्म भर. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर पोर्टल दिल्लीचं असो की मुंबईचं, कलम ६२ प्रमाणे तू राहतोस तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे इंदूरलाच.

पण एक फरक लक्षात ठेव, सगळ्याच फ्रीलान्सर मुलांनी ठेवा. हे फोटो तू तुझ्या मनाने काढलेस म्हणून तुझे. जर त्याच पोर्टलने सांगितलं असतं की जा, गेर शूट करून आण, इतके पैसे देतो, तर वेगळं काही लिहून ठरलं नसेल तर फोटोचा पहिला मालक पैसे देऊन काढायला लावणारा असतो, लग्नाच्या अल्बमचंही तेच, म्हणून तर नवरा-नवरीला न विचारता त्यांचे फोटो पोर्टफोलिओत टाकू नयेत. वर्तमानपत्रात नोकरीवर किंवा शिकाऊ म्हणून असाल तर छापण्यापुरता हक्क पेपरचा, बाकी तुमचा, अर्थात करारात उलट लिहिलं नसेल तरच. आणि हक्क विकायचेच असतील तर ते लेखी आणि सही करून द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे कोणी "सर्व हक्क, कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत" असं छापलेलं समोर सरकवलं तर ते वाक्य दोनदा वाचा, त्या एका ओळीत तुमचं पुढचं सगळं गेलेलं असतं.

प्रश्न : मल्हारगंजला मामाचं नमकीनचं छोटं दुकान आहे. मामा म्हणतात पाकीट त्या मोठ्या ब्रँडसारखं लाल-पिवळं कर, नावात एक अक्षर बदल, आणि कोपऱ्यात गोलातला आर लाव म्हणजे भारी दिसेल. डिझाइन मीच करतेय. (अ‍ॅडव्हर्टायझिंग, पहिलं वर्ष)

मामांना माझा नमस्कार सांग आणि तिन्ही गोष्टींना नाही म्हण.

एक अक्षर बदलल्याने काही होत नाही. कोर्ट दोन पाकिटं शेजारी ठेवून भिंग लावून फरक शोधत नाही, ते विचार करतं की घाईत आलेल्या साध्या गिऱ्हाइकाला, ज्याला जुनं पाकीट अर्धवट आठवतंय, त्याला हे तेच वाटेल का. ट्रेडमार्क म्हणजे फक्त नाव असं आपल्याला वाटतं पण १९९९ च्या कायद्यात पाकिटाची रचना आणि रंगांची जोडीसुद्धा येते, दंतमंजनाच्या लाल-पांढऱ्या डब्यावरून कोलगेट आणि अँकर दिल्ली हायकोर्टात गेले होते २००३ मध्ये, आणि रंगांवरूनच कोलगेटच्या बाजूने मनाई हुकूम झाला. समोरच्याचा मार्क रजिस्टर्ड नसला तरी दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं या कारणावरून दावा होतोच.

गोलातला आर फक्त रजिस्टर झालेल्या मार्कलाच लावता येतो, त्याआधी लावणं कायद्याने मना आहे. अर्ज न करताही हवं तर टीएम लिही, ते चालतं, त्याचा अर्थ इतकाच की आम्ही हे आमचं नाव मानतो.

मग नाव कसं ठेवायचं? "इंदुरी नमकीन" किंवा "चटपटीत शेव" असलं ठेवलंत तर ते कोणाचंच होत नाही कारण शेवेला चटपटीत म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे. "रतलामी" लिहायचा मोह होईल, पण रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे, मल्हारगंजात तळलेल्या शेवेला ते नाव लावू नका. आजीचं आडनाव, घरातलं एखादं टोपणनाव, अगदी नवा बनवलेला शब्द, असं काही शोधा. मग ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर फुकट सर्च होतो तो कर. अर्ज ऑनलाइन, मध्य प्रदेश मुंबईच्या कार्यालयाखाली येतं, एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी फी ४,५०० रुपये, रजिस्टर झालं की १० वर्षं आणि पुढे दर १० वर्षांनी वाढवता येतं.

आणि तू काढलेल्या लोगोच्या चित्रावर हक्क तुझा आहे हे मामांना माहीत नसेल. घरचंच काम आहे तरी एका कागदावर लिहून दे की हा लोगो दुकानाला दिला, उद्या मामेभावांच्या वाटण्या झाल्या तर तोच कागद कामाला येईल. असं लिहून द्यायची सवय घरच्या कामातच लागते.

प्रश्न : भंवरकुआँच्या एका कोचिंगची जाहिरात करणाऱ्या एजन्सीत इंटर्न आहे. सर म्हणतात "१००% सिलेक्शन", "इंदूरमध्ये नं. १" लिही आणि गेल्या वर्षीच्या टॉपर्सचे फोटो लाव, मुलांना कोण विचारतंय.

कायदा विचारतोय. जाहिरात हीसुद्धा अभिव्यक्ती आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या प्रकरणात मान्य केलं पण त्याच निकालात हेही आहे की खोट्या, फसव्या जाहिरातीला ते संरक्षण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण तयार झालं, त्याला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर १० लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. आणि कोचिंगसाठी तर नोव्हेंबर २०२४ मध्ये खास मार्गदर्शक सूचना आल्यात. सिलेक्शनची हमी द्यायची नाही. यशस्वी मुलाचा फोटो, नाव लावायचं तर त्याची लेखी परवानगी हवी आणि ती निकाल लागल्यानंतर घेतलेली हवी, अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर आधीच सही घेऊन ठेवली ती चालत नाही. फोटोबरोबर त्याने कोणता कोर्स केला, किती दिवसांचा, तेही लिहायचं.

मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. एकाच मुलाचा फोटो चार-चार कोचिंगच्या होर्डिंगवर का दिसतो? कोणाकडे त्याने फक्त मॉक इंटरव्ह्यू दिलेला असतो, कोणाकडे टेस्ट सिरीज, आणि खरगोन, बडवानीहून आलेला शेतकरी बाप ते होर्डिंग बघून, कर्ज काढून पूर्ण वर्षाच्या कोर्सची फी भरतो. ते होर्डिंग लिहिणारा हात तुझा असणार आहे.

"नं. १" लिहायचं तर कशात नं. १, कोणत्या वर्षी, कोणाच्या पाहणीत, याचा कागद फाइलमध्ये हवा. जाहिरात उद्योगाने स्वतःच १९८५ मध्ये उभी केलेली एएससीआय (अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया) ही संस्था आहे, तिथे कोणीही सामान्य माणूस फुकट तक्रार करू शकतो आणि ते पहिल्यांदा पुरावाच मागतात. खाली मुंगीएवढ्या अक्षरात "अटी लागू" लिहून सुटका होत नाही, खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा. सरांना तोंडी सांगायची हिंमत होत नसेल तर मेलवर विचार, "सर, या दाव्याचा आधार काय टाकू?" उत्तर मेलवरच येऊ दे.

प्रश्न : मी फूड रील्स बनवते. सराफ्याच्या खाऊगल्लीत एकाने फुकट खाऊ घातलं, पैसे नाही दिले. मग जाहिरात म्हणून सांगायची गरज नाही ना?

आहे. फुकट खाणं, वस्तू, सवलत, ट्रिप, इतकंच काय दुकान काकांचं असणं, हे सगळं संबंधात मोडतं आणि बघणाऱ्याला ते कळायला हवं. एएससीआयने २०२१ मध्ये आणि सरकारने त्यानंतर हे स्पष्ट केलंय. रीलवर सुरुवातीलाच "जाहिरात" किंवा "स्पॉन्सर्ड" असं सहज दिसेल असं लिही, तीस हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी नको. खोटी शिफारस करणाऱ्याला दंड तर आहेच, वर १ वर्षापर्यंत शिफारस करायला बंदी येऊ शकते, दुसऱ्यांदा ३ वर्षांपर्यंत. गराडू स्वतःच्या पैशाने खाल्लेस आणि आवडले म्हणून सांगितलंस तर काहीच लिहायची गरज नाही.

प्रश्न : शिवजयंतीला आमच्या क्लायंटच्या कपड्याच्या दुकानाच्या जाहिरातीत महाराजांचं चित्र टाकायचंय. जुनंच चित्र आहे, कॉपीराइट संपलेला.

कॉपीराइट संपला असेल, पण इथे १९५० चा बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा लागतो. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधींचं नाव आणि चित्रसुद्धा आहे, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरायचं नाही. कॅलेंडरला सूट आहे, तीही त्यावर फक्त बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल आणि मालाची जाहिरात होत नसेल तर. "सेल ५० टक्के" च्या वर महाराज नकोतच, कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

प्रश्न : शहरातल्या भिंतींवर इतकी सुंदर पेंटिंग्ज आहेत, राजवाड्यासमोर अहिल्यादेवींचा पुतळा आहे, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या मिलवाल्यांच्या झांक्या (चित्ररथ) आहेत. यांचे फोटो काढून टी-शर्ट, पोस्टर विकायचेत आम्हाला.

तिघांची उत्तरं तीन आहेत. सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा असेल तर त्याचा फोटो काढायला आणि छापायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं, इमारतींचंही तसंच, राजवाडा तर इतका जुना आहे की प्रश्नच नाही. पण त्या फोटोच्या सवलतीत पुतळे आणि कारागिरीच्या वस्तू आहेत, भिंतीवरचं पेंटिंग नाही! पेंटिंग तुमच्या फिल्ममध्ये आलं तर चालतं, त्याला वेगळं पोटकलम आहे, मात्र त्याचाच फोटो टी-शर्टवर छापून विकायचा तर ज्याने रंगवलं त्याला किंवा ज्याच्याकडे हक्क आहेत त्याला विचारावं लागेल. बहुतेक भिंतींवर खाली कोपऱ्यात नाव असतं, ही पोरं तुमच्याच वयाची आहेत, फोन लावा. झांकी कायमची नसते, एका रात्रीची, म्हणून तिलाही ती सवलत नाही. बातमीत, मिरवणुकीच्या डॉक्युमेंटरीत खुशाल दाखवा, वस्तूंवर छापून विकायचं तर ज्या मिलच्या समितीची झांकी आहे तिला विचारा.

प्रश्न : मी एका प्रॉडक्शनवाल्याला वेबसिरीजची कल्पना ऐकवली, सहा महिन्यांनी त्यांचं तसंच काहीतरी आलं. केस करू का?

त्रास होणं अगदी समजू शकते, पण नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, १९७८ च्या आर. जी. आनंद प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे पक्कं सांगितलंय. त्या प्रकरणातला, दोन प्रांतांच्या घरातलं प्रेम, हा विषय कोणाचाच नाही, त्यातली पात्रं, प्रसंगांची गुंफण, संवाद, हे लिहिलेलं असेल तर ते तुझं. तेव्हा तू नक्की काय दिलं होतंस ते आठव. फक्त बोललास तर कठीण आहे, लेखी काही दिलं असेल आणि त्यातले प्रसंगच्या प्रसंग उचललेले दिसत असतील तर वकिलाला दाखव, गुपित म्हणून विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचा गैरवापर या मुद्द्यावरही कधीकधी दाद मिळते. पुढच्या वेळी ऐकवायच्या आधी निदान चार-पाच पानं लिहून काढ, मेलने पाठव, आणि भेट झाल्यावर "आज आपण माझ्या अमुक कथेवर बोललो" असा मेल टाक. साहित्यकृती कॉपीराइट ऑफिसला रजिस्टर करायची फी ५०० रुपये आहे, सक्ती नाही, पण तारखेचा पुरावा होतो.

प्रश्न : गणपतीच्या कार्यक्रमासाठी एका प्रसिद्ध गायकाच्या आवाजात एआयने आरती बनवलीये. आरती तर जुनी आहे ना?

आरतीचे शब्द जुने, कोणाच्या मालकीचे नाहीत. आवाज मात्र त्या गायकाचा आहे. २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने एआयने त्यांचा आवाज बनवून वापरण्याला मनाई केली, त्याच्या आधल्या वर्षी दिल्ली हायकोर्टाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज यांच्याबद्दल असाच हुकूम दिला होता. मंडळाच्या स्टेजवर वाजलं काय आणि चॅनलवर चढलं काय, ज्याने ते गायलंच नाही त्याच्या नावावर ते खपवलं जातंय. काढून टाका आणि मंडळातल्या मुलामुलींकडून आरती म्हणवून घ्या, रेकॉर्डिंग मंडळाचं होईल, आणि कोणी उचललं तर वर गेरच्या फोटोसाठी लिहिलंय तसाच मेल तुम्हालाही करता येईल.